बसूकडचं दार

आमच्या घरात नवीन काही आलं की ते आधी अव्वाच्या हाती जातं. अव्वा म्हणजे आमची आई. फ्रिज आला तेव्हा तिनं त्याला हळद-कुंकू लावलं, मगच त्यात दूध गेलं. माझी पहिली स्कूटर तिला मागं बसवून देवळापर्यंत नेली, तेव्हा कुठं ती स्कूटर कॉलेजला गेली. त्यामुळं ‘जोड’ नावाची यंत्रं घरी आली तेव्हा तीन डब्यांतला पहिला कुणी उघडायचा, हा प्रश्नच नव्हता. पहिला नंबर अव्वाचा, दुसरा माझा, तिसरा बसूचा. बसू म्हणजे बसवराज, माझा धाकटा भाऊ. मान द्यायचा म्हणून दिला. त्या मानावरून पुढं आमच्या तिघांचं काय काय ठरणार आहे, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात असणार?

मी शैला आवटी. मिरजेतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात नेटवर्क सांभाळते. लग्न केलं नाही, आणि का नाही केलं असं विचारणाऱ्याला मी चहासुद्धा विचारत नाही. बसू जर्मनीत, ब्रेमरहाफेनला, समुद्रात उभ्या केलेल्या पवनचक्क्या दुरुस्त करतो. अव्वाला लकवा झाला, वाचा गेली, उजवा हात गेला, आणि ती माझ्याकडं राहिली. ‘माझ्याकडं राहिली’ असं लिहायला काय जातं? त्यात अंघोळ आहे, भरवणं आहे, अंथरूण बदलणं आहे. आणि दर रविवारी फोनच्या पडद्यावर बसू दिसला की तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर उमटणारं पूर्ण हसू आहे. तसं हसू माझ्या वाट्याला कधी आलं नाही. मला राग यायचा, आणि तो मी लपवत नसे.

जोड हे यंत्र वाचा गेलेल्या माणसांसाठी निघालं. कानामागं, मानेवर चिकटवायची रुपयाएवढी चकती. मेंदूकडून छाती-पोटाकडं उतरणारी एक मोठी नस तिथून जाते. छातीतली धडधड, पोटात पडणारा गोळा, मोकळा झालेला श्वास, हे सगळं त्या नसेवर उमटत असतं. चकती ते वाचते आणि इंटरनेटवरून, कितीही लांब असलेल्या जोडलेल्या माणसाच्या नसेवर हलकंसं उमटवते. विचार जात नाहीत, शब्द जात नाहीत. अव्वाला भीती वाटली की माझ्या पोटात गोळा येणार आणि तिला बरं वाटलं की माझे खांदे सैल होणार, एवढंच. पण एवढंसुद्धा फार असतं. इतके महिने मी तिच्या डोळ्यांकडं बघून अंदाज बांधत होते. जोड लावल्यावर पहिल्याच सकाळी मला कळलं की अव्वा बादलीत पडणाऱ्या नळाच्या आवाजाला घाबरते. तेव्हापासून मी बादली आधी भरून ठेवायला लागले.

चकतीत दोन माणसांसाठी दोन दारं असतात. अव्वाचं एक दार माझ्याकडं, एक बसूकडं. माझं एक अव्वाकडं, एक बसूकडं. तिघं असे गोलात जोडलेले. छान वाटलं होतं ते.

मग एका दुपारी मांजरानं स्वयंपाकघरात स्टीलचा डबा पाडला. अव्वा दचकली. मी कॉलेजात होते, माझ्या छातीत धस्स झालं. ते बसूकडं गेलं, बसूकडून पुन्हा अव्वाकडं आलं. आता मुलगा घाबरलाय असं तिला वाटलं, ती आणखी घाबरली, आणि ते पुन्हा माझ्याकडं. उलट्या दिशेनंही तेच. बघता बघता मी सर्व्हर रूमच्या फरशीवर बसले होते आणि आपण मरतोय अशी माझी खात्री पटली होती. बसू तेव्हा टॉवरच्या शिडीवर होता. कमरेला पट्टा होता म्हणून वाचला. मी चकती ओरबाडून काढली तेव्हा ते थांबलं. धावत घरी आले तर अव्वा पांढरीफटक पडलेली, आणि मांजर खिडकीत बसून अंग चाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी डॉ. नाझनीन पटवेगारांकडं गेले. अव्वाला जोड त्यांनीच बसवला होता. त्यांच्यासमोर आणखी दोन कुटुंबांचे कागद पडले होते, त्यांचीही हीच तऱ्हा.

“कंपनी म्हणते, दोघांतच वापरा. तिसरा काढून टाका,” त्या म्हणाल्या.

“तिसरा म्हणजे कोण?”

“ते कंपनी सांगत नाही, शैलाताई.”

मला हसू आलं आणि संतापही आला. “डॉक्टर, हे मी रोज बघते,” मी म्हटलं. “नेटवर्कमध्ये स्विच म्हणून डबे असतात. सगळ्यांसाठीचा निरोप आला की तो ज्या दारातून आला ते दार सोडून बाकी सगळ्या दारांतून पुढं ढकलायचा, एवढीच त्यांची अक्कल. दोन डब्यांत हे ठीक चालतं. तीन डबे गोलात जोडले की तोच निरोप वळसा घालून दुसऱ्या दारातून परत येतो आणि डब्याला तो नवा वाटतो. निरोपावर त्याचं वय लिहिलेलं नसतं ना. तो फिरत राहतो, त्याच्या प्रती होत राहतात, आणि थोड्याच वेळात दुसऱ्या कशाला जागाच उरत नाही. निकालाच्या दिवशी आमच्या परीक्षा विभागातल्या कुंभोजकरांना एक केबल लोंबकळताना दिसली. पसारा दिसतो म्हणून त्यांनी तिचं मोकळं टोक भिंतीत खोचून ठेवलं. सगळं कॉलेज बंद. त्या भल्या माणसानं फक्त आवरलं होतं.”

“मग वळसा तोडायचा कसा?”

“तोडायचा नाही, झोपवायचा. शहाणे डबे आपसांत एक मूळ ठरवतात. ज्याचा आकडा सगळ्यांत लहान, तो मूळ. प्रत्येकानं मुळाकडं जाणारी जवळची वाट धरायची आणि जादाची वाट झोपवायची. तिच्यातून निरोप जाऊ द्यायचे नाहीत, पण कान उघडा ठेवायचा. मूळ सारखं ‘मी आहे, मी आहे’ असा हाकारा देत असतं. तो थांबला की झोपलेली वाट जागी होते आणि नवी मांडणी ठरते. वळसा नाही, म्हणजे वादळ नाही. ह्याला स्पॅनिंग ट्री म्हणतात. माझ्या जन्माच्या आधीचा शोध आहे.”

डॉक्टर बाई हुशार. त्या कंपनीच्या इतक्या मागं लागल्या की शेवटी चकत्यांमध्ये ते आलं.

“तुमच्यात मूळ कोण?” त्यांनी विचारलं.

लहान आकडा अव्वाचा, पहिला डबा तिचा होता ना. मुळाकडं जाणारी माझी वाट जागी, बसूची वाट जागी, आणि माझं बसूकडचं दार झोपलेलं. आता बसूचं जे काही असेल ते अव्वाच्या अंगातून माझ्याकडं यायचं होतं, आणि माझं तिच्या अंगातून त्याच्याकडं जायचं होतं.

“म्हणजे तुझी चिडचिड आता अव्वातून गाळून येणार,” बसू फोनवर म्हणाला. “बरंच झालं, अक्का.”

“आणि तुझी मस्तीसुद्धा,” मी म्हटलं.

ते महिने चांगले गेले. मला बसूचं जे यायचं ते गोड यायचं. दुपारी भाजी चिरताना छातीत काहीतरी उबदार पसरायचं, की समजायचं, बसू जागा होऊन कामाला लागला. मजेत आहे गडी, असं मी मनात म्हणायची. समुद्र बघतोय, पगार घेतोय, आणि आम्ही इथं अंथरुणं धुतोय. गोड वाटायचं आणि रागही यायचा, दोन्ही एकाच वेळी.

पुढं अव्वाचं हृदय बिघडलं. डॉ. पटवेगारांनी तिच्या नोंदी बघितल्या आणि मला बाहेर बोलावलं.

“तुमचं दोघांचं सगळं त्यांच्यातून जातंय,” त्या म्हणाल्या. “मधल्या माणसावर दोघांचा भार पडतो. हे असंच चाललं तर फार दिवस नाहीत. मूळ बदला, तुम्ही व्हा.”

“मग तिचं बसूकडचं दार झोपेल.”

“बसवराज तुमच्यातून पोचतीलच की त्यांना.”

आई जास्त दिवस जगावी, की तिला तिचा मुलगा थेट मिळावा? मी काही फार विचार केला नाही, खरं सांगते. अव्वा मला हवी होती. मी माझा आकडा तिच्यापेक्षा लहान केला. नवी मांडणी ठरेपर्यंत अर्धा मिनिट चकत्या गप्प असतात. त्या अर्ध्या मिनिटात अव्वाचे डोळे खोलीभर फिरले, दारामागं कोणी गेलंय का बघावं तसे.

मग माझं बसूकडचं दार उघडलं आणि मी कॉटचा कठडा धरून खाली बसले.

कसला तो एकटेपणा. तो काल-परवाचा नव्हता. जुना होता, मुरलेला होता, अंगात थंडी शिरून बसावी तसा बसला होता. त्यात रडणंसुद्धा नव्हतं. मी लगेच फोन लावला.

“तुला काय झालंय?”

“कुठं काय.”

“बसवराज, माझ्या छातीत आहेस तू आत्ता. खोटं बोलू नकोस.”

 तो म्हणाला, “पुष्कळ दिवस झाले, अक्का. टॉवरवर काम, मग खोली. बोलायला माणसं नाहीत असं नाही. बोलावंसं वाटत नाही.”

“अव्वाला माहीत होतं?”

“तिला सगळं जायचंच ना. माझं गेलं की थोड्या वेळानं तिचं यायचं. कुशीत घेतल्यासारखं. तेवढ्यावर दिवस निघायचा.”

म्हणजे मला जे गोड यायचं ते बसूचं नव्हतंच. ते अव्वाचं होतं. पोराचा गारठा तिच्या अंगात शिरायचा, ती त्याला आतल्या आत जवळ घ्यायची, आणि त्या मायेखाली बसूचा गारठा मला कधी जाणवलाच नाही.

“मला का नाही सांगितलंस?”

“तू चिडली असतीस.”

आणि मी चिडलेच. तुला परत यायला काय धाड भरली होती, इथं आम्ही मेलो होतो का, असं बरंच बोलले. ते बोलणं त्याला फोनवरून गेलं आणि जोडातूनही गेलं.

आता अव्वाचं आणि बसूचं सगळं माझ्यातून जात होतं. मला वाटलं, जमेल. नाही जमलं. शरीराला हुकूम देता येत नाही. पाणी गेलं की मी चिडणार, गॅसवाला आला नाही की मी चिडणार, आणि नेमकी त्याच वेळी अव्वाची माया माझ्यातून बसूकडं निघालेली असायची. ती माझा संताप घेऊन त्याच्याकडं पोचायची. बसूचा गारठा अव्वाकडं जायचा तोही माझ्या रागात बुडून. तिला वाटत असणार, मुलगाच आपल्यावर रागावलाय. ती तोंड भिंतीकडं करायला लागली. मी चहाचा चमचा ओठाला लावला तर ओठ मिटून घ्यायची. हृदय सुधारलं होतं. डॉक्टर खूश होत्या.

मी पहाटे उठून श्वासाचे व्यायाम केले. भजनं लावली. अव्वाची माया येईल तेव्हा तरी शांत राहायचं असं ठरवून बसायची, आणि ठरवून बसलं की आणखी चिडचिड व्हायची. कपाळ माझं.

तिकडं बसू उतरत चालला होता. एका रविवारी तो सहज म्हणाला, “हल्ली शिडीवर पट्टा लावायचं लक्षातच राहत नाही.” त्यानं ते हवामान सांगावं तसं सांगितलं.  परत ये म्हटलं, तर करार आहे म्हणाला. जोड काढून टाकू या म्हटलं, तर गप्प बसला. त्या गप्प बसण्यातलं माझ्या छातीत जे आलं ते मी इथं लिहिणार नाही.

मी अव्वाच्या कॉटवर, तिच्यासमोर बसले. वाचा गेली तरी तिला समजत सगळं होतं.

“अव्वा,” मी म्हटलं, “बसूकडचं तुझं दार मी झोपवलंय. तुझ्या जिवासाठी. ते पुन्हा उघडलं तर त्याचं सगळं आधी तुझ्याकडं येईल, माझंही तुझ्यातूनच जाईल. तुझ्या हृदयाला सोसायचं नाही. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत मग. न उघडावं तर तो तिकडं, त्याला माझ्यानं सांभाळवत नाहीये.” हे बोलताना मला रडू फुटलं. “मला तू हवीस गं. पण माझ्यानं होत नाही तुझ्यासारखं.”

ती भिंतीकडून वळली. माझ्याकडं कितीतरी वेळ बघत होती. माझ्या पोटात तिची भीती येईल म्हणून मी वाट बघत होते. भीती आली नाही. बसूचं नाव काढल्यावर यायची ती ओढ आली, आणि तिच्याबरोबर दुसरंही काहीतरी आलं, जे माझ्यासाठी होतं. ते मी ओळखलं. इतक्या वर्षांत ते असं, मधे बसू नसताना, पहिल्यांदाच आलं होतं. तिनं डावा हात उचलला, माझ्या गालावरचं पाणी पुसलं आणि तोच हात नेऊन स्वतःच्या मानेवरच्या चकतीवर ठेवला.

मी तिचा आकडा पुन्हा सगळ्यांत लहान केला. डॉ. पटवेगारांना कळवलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. “त्यांनी सांगितलं?” एवढंच विचारलं. मी हो म्हटलं.

त्यानंतरचे दिवस थोडेच होते, पण अव्वा जेवायला लागली. चमच्याला तोंड उघडायची. दुपारी छातीत पुन्हा ते उबदार पसरायला लागलं, आणि आता ते कुणाचं आहे हे मला माहीत होतं. बसूनं पट्टा लावून शिडीवर उभा असल्याचा फोटो पाठवला, मी तो तिच्या उशाशी ठेवला. करार संपवून परत येतो, असंही तो म्हणायला लागला. रोज तिचे ओठ थोडे जास्त निळे दिसायचे. मी बघायची आणि काही बोलायची नाही.

एका सकाळी मी तिच्या केसांना तेल लावत होते. ऊन कॉटच्या पायापर्यंत आलं होतं. माझ्या छातीत तिचं जे कायम असायचं, ज्याची इतकी सवय झाली होती की त्याच्याकडं लक्षच जात नसे, ते थांबलं. ना दुखलं, ना ती घाबरली. तिचं डोकं माझ्या तळहातावर आलं.

हाकारा बंद झाला होता. चकत्या आता वाट बघणार होत्या, मग नवी मांडणी ठरवणार होत्या, मग माझं बसूकडचं दार उघडणार होतं. डॉक्टरांनी आधीच बजावून ठेवलं होतं, असं काही झालं की आधी चकती काढा, निदान दिवसभर तरी. सगळे काढतात. माझा हात मानेकडं गेला. काढली तर त्याला फोनवर नीट सांगता आलं असतं, कुणाला तरी सोबत बसवून. पण काढली तर तिकडं त्याच्या खोलीत, त्याच्या छातीत कुणीच उरणार नव्हतं. अव्वा नाही आणि मीही नाही. मी हात खाली घेतला.

दार उघडलं.

आम्ही दोघंच उरलो होतो. दोघांत वळसा होत नाही, त्यामुळं आता कुणाला झोपवायचीही गरज नव्हती. मी पाठवलेलं माझ्याकडं परत येणार नव्हतं. जे येईल ते फक्त बसूचं असणार होतं. आणि ते आलं. मी काही न बोलता त्याला कळलं होतं. मधे अव्वा नव्हती, त्यामुळं ते जसं होतं तसंच आलं.

फोन वाजला. मी उचलला. मागं वाऱ्याचा घोंगाट ऐकू येत होता.

“अक्का,” तो म्हणाला, “चकती काढू नकोस.”

“काढायची असती तर आतापर्यंत ठेवली असती का? मूर्खासारखं बोलू नकोस. कुठं उभा आहेस तू? एवढ्या पहाटे धक्क्यावर? अंगात काय घातलंयस? एवढा वारा ऐकू येतोय मला. आधी आत जा. हीटर लाव. काहीतरी गरम पोटात घाल, मग तिकिटाचं बघ. आत जा म्हणते ना.”

मी रडत होते आणि माझा आवाज चढलेला होता. तोच आवाज, तोच संताप, जो अव्वाची माया नासवायचा. आणि छातीत बसूचा तो जुना गारठा किंचित हलला. मी थांबले, खरंच हलला का ते बघायला.

“थांबू नकोस,” बसू म्हणाला.

मग मी अव्वाच्या उशाशी बसून, तेलकट हातात फोन धरून, त्याला ओरडत राहिले.